दुसऱ्या नळीची वही

पंखा बंद. खिडकीही.
आचऱ्याचा वारा पारड्यात येऊन बसतो
आणि त्याचंही वजन भरतं,
हे भिकू रायकरांनी सांगितलं होतं
सोन्याच्या धुळीवर आयुष्य काढलेला काटा
मला विकताना.
सत्तावीस वर्षं सरकारी दवाखान्यात पुड्या बांधल्या मी.
थोडं मोजायची हाताला सवय आहे.
श्वास तेवढा अजून आवरत नाही.

समोर रुक्मांगदची वही.
पानापानावर तारीख, हवा, दारूचं वजन
आणि खाली पाच भोकांचं चित्र,
पाचही एका बोरात मावतील अशी.
भाऊ गेला. त्याच्याआधी नळी झिजली होती.
बंदूक परवान्यासकट माझ्या नावावर झाली तेव्हा
वेंगुर्ल्याच्या पास्कू बेनीतनं नवी नळी बसवली,
दस्ता बोटभर कापला
माझ्या खांद्याच्या मापानं.

सतराव्या पानावर वाळवी.
नेमका तोच आकडा अर्धा.
एक की नऊ?
डोकं खाल्लंय, शेपटी उरलीय,
आणि शेपटी तर दोघांनाही असते.
भिंग लावलं. उजेडाकडे धरलं.
मागच्या पानावर उमटलेला पेनाचा दाब
बोटानं चाचपून पाहिला.
आपल्याला हवं तेच लागतं बोटाला.
डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की
मी चिठ्ठी परत पाठवायचे आत.
ही कुठल्या दाराआड पाठवू?

एसटीनं वेंगुर्ला गाठलं.
पास्कूनं वही उघडलीसुद्धा नाही.
कानशीला बाजूला सारून
डावा हात मांडला टेबलावर.
तर्जनी नाही. मधलं अर्धं.
“आकडो बरोबर होतो गो बाये,” तो म्हणाला,
“बंदूक दुसरी होती.”
मग चहा आला.
तो आम्ही गप्पच प्यालो.

परतताना घाटीवर आठवलं,
एकाच तापाच्या दोन माणसांना
मी कधी एक बाटली दिली नव्हती.

आता रविवारी पहाटे चिऱ्याच्या पडीक खाणीत.
फणसाच्या फळीवर कागद,
मागे लाल मातीची उभी भिंत.
कारखान्याच्या पुस्तकातला सगळ्यात खालचा आकडा,
तिथून सुरुवात.
पहिल्या दिवशी गोळ्या कागदभर पांगल्या,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा.
रुक्मांगद हसला असता.
मी प्रत्येक रिकामं पितळ उचलून
त्याचं बूड न्याहाळते,
टोपीच्या कडा गोल आहेत ना,
खिट्टी अलगद उघडली ना.
मग पुढच्या रविवारी कणभर जास्त.
कणभर म्हणजे कणभरच.
मधला रविवार दमट गेला तर तो सोडून द्यायचा,
कपाटात कोळशाची पिशवी बदलायची, बस्स.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी
भोकं जवळजवळ येत चालली होती,
एकमेकांची ओळख पटल्यासारखी,
आणि खिट्टी किंचित अडली.
किंचितच.
बाजूच्या करवंदीत भारद्वाज घुमत होता,
हात म्हणत होता, अजून एकच.
मी बंदूक रिकामी करून गोणपाटावर ठेवली.
उरलेली काडतुसं घरी आणून
एकेक उकलली, दारू परत मोजली,
दोन पायऱ्या खाली उतरले.

तिथंच थांबलेय.
पाच भोकं सुपारीत मावतात.
बोरात नाही.
मला सुपारी चालते.

नवी वही घेतलीय, जाड पुठ्ठ्याची.
पहिल्याच पानावर लिहिलं:
ही वजनं फक्त याच नळीची.
नळी बदलली तर वही चुलीत घालावी.
आणि आत प्रत्येक आकडा
पतपेढीच्या पावतीवर लिहितात तसा
अंकी, आणि शेजारी
अक्षरी.

खिडकी उघडते आता.
येऊ दे वारा.
पारडं रिकामं आहे.